फोटोच्या मागचं नाव

मैत्रिणींनो, आज आपल्या इतिहास मंडळासोबत जुनी घरं बघायला गेले होते. शहागंजजवळच्या एका हवेलीत तिच्या मालकांनी छोटं संग्रहालय केलंय. तिथं माझ्या वडिलांचा फोटो आहे, मीच दिलेला. ते घड्याळजी होते; दर शुक्रवारी हवेलीतल्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायला जायचे.

फोटोखाली पाटी होती: ‘हवेलीचं घड्याळ आणि अज्ञात नोकर.’

“अहो, नाव मागं लिहिलंय. माझ्या आईचं अक्षर आहे.”

माहिती सांगणारे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, फोटो पक्का चिकटवलाय. काढला तर फाटंल. अन् लोक घड्याळच बघतात.”

घरी आल्यापासून उरलेल्या फोटोंवर नावं लिहितेय, समोरूनच, चेहऱ्याशेजारी. फोटो खराब होतायत. होऊ देत.

तुम्ही नावं कुठं लिहिलीत?