दुरपाकाकीची वर्गणी

दुरपाकाकीच्या कमरेला एकोणीस किल्ल्यांचा जुडगा असायचा. एकोणीस किल्ल्या, एकोणीस बंद घरांच्या. घरची माणसं मुंबईला, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी दिव्याला. रोज उन्हं कलली की काकी त्यातलं एक घर उघडायची. केर काढायची, खिडक्या उघडायची, चुलीपाशी घटकाभर बसायची आणि पुन्हा कुलूप घालायची. कुलपात किल्ली फिरवताना त्या घरच्या बाईला हाक मारायची, "काय गो सुमन, बरी हायस ना?" सुमन चार वर्षांत वाडीत फिरकली नव्हती.

पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. पोलादपूरच्या वर डोंगरात ती वाडी. तिथल्या शाळेत मी नुकतीच बदलून आले होते आणि बदलीचा राग डोक्यात होता. जरा खवचटपणेच विचारलं, "काकी, घरात कुणी नाही, मग बोलता कुणाशी?"

"बाई, घर उघडलं नाय तर त्याला वास येतो."

"कसला वास?"

"मानसं नसल्याचा," ती म्हणाली आणि माझ्या हातात झाडू दिला. "उभी काय हायस? तो कोपरा काढ."

त्या दिवसापासून मी कोपरे काढू लागले. नवरा गेल्यावर मला घरी वाट बघणारं कुणी नव्हतंच. शाळेत चार मुलं होती, त्यांची दोन झाली, मग शाळाच बंद झाली. मला महाडला बदली मिळाली, जी मी इतकी वर्षं मागत होते. आणि महाडच्या खोलीत पहिल्याच रविवारी जीव इतका कासावीस झाला की मी सकाळची गाडी पकडून पुन्हा वाडीवर गेले. काकी म्हणाली, "आलीस? बरं झालं. आज दोन घरं काडायची हायत."

गिरणीचं खूळ तिच्या डोक्यात तेव्हाच शिरलं होतं. वाडीतल्या बायका नाचणी डोक्यावर घेऊन दीड तास उतरून पोलादपूरला जायच्या आणि पीठ घेऊन दोन तास चढायच्या. उरलेली नाचणी व्यापारी म्हणेल त्या भावाने विकायच्या. "आपली गिरन असली तर पीठच इकू," काकीचं म्हणणं. "बिरवाडीला कंपनीतले लोक खोल्या करून राहतात, त्यांना घरची भाकरी नको काय?" वाडीत उरलेल्या सात बायका तिच्या मागे उभ्या राहिल्या. सुमनने फोनवरून आपल्या घराची ओटी गिरणीला वापरायला दिली. राहिले यंत्राचे पैसे.

ऑनलाइन वर्गणीची कल्पना माझी. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात ऐकलं होतं की वेबसाइटवर आपलं काम मांडायचं आणि अनोळखी माणसं हातभार लावतात. काकीला नवल वाटलं नाही. "शिमग्याला पालखीची वर्गनी काडतो, तशीच ना? फक्त पावती कोन फाडतो?" मी मोबाइलवर तिला हिरवी पट्टी दाखवली. पैसे येतील तशी ती भरत जाणार, दोन महिन्यांत पूर्ण भरली नाही तर सगळे पैसे ज्याचे त्याला परत. काकीला ही अट फार पटली. "म्हंजे अर्धी गिरन कोनी देत नाय. बराबर हाय."

पट्टी मात्र हलेना. मग त्या वेबसाइटवरून एका मुलीचा फोन आला. बिचारी गोड बोलत होती. म्हणाली, तुम्ही टाकलेला आजींचा व्हिडिओ छान आहे, पण लोकांच्या मनाला भिडत नाही. आजींना एकुलता एक मुलगा आहे आणि तो बघत नाही, असं आजींनीच सांगितलं तर खूप फरक पडेल. फोन स्पीकरवर होता. काकी भाकरी थापत होती, ती थांबली.

"तिला सांग," ती मला म्हणाली, "माज्या पोराची बदनामी करून मला दळान दळायचं नाय."

तिचा बाबू आठ वर्षं घरी आला नव्हता. मुंबईत खोली घ्यायला त्याला वडिलांचं शेत विकायचं होतं, काकीने अंगठा दिला नाही. "मग बस त्या दगडांत एकटी," असं म्हणून तो गेला तो गेलाच. काकी त्याच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही, आणि दुसऱ्या कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. मी एकदा रागाने म्हटलं, "कसला दळभद्री पोरगा!" तर दोन रविवार माझ्याशी बोलली नाही.

शेवटी पट्टी हलली ती किल्ल्यांनी. काकी रोज ज्या घरात केर काढायची, त्याच घरात बसून तिथल्या माणसांना फोन लावायला सांगायची. "सुमन, तुज्याच चुलीपाशी बसलेय गो. गिरनीची वर्गनी काडतोय. तू बी दे, तुज्या हापिसात बी सांग." सुमनने सांगितलं, सुमनच्या मैत्रिणींनी पुढे सांगितलं. कधी नाव न ऐकलेल्या गावांतून पैसे येऊ लागले. एकोणीसच्या एकोणीस घरांची नावं यादीत आली. विसावं तेवढं येईना. बाबूला फोन आम्ही दर रविवारी लावत होतो. वाजायचा आणि बंद पडायचा. काकी म्हणायची, "कामावर असंल." रविवार असायचा.

मुदत संपायला तीन दिवस उरले आणि पट्टी जराशीच रिकामी होती. काकी एकटी एसटीने महाडला माझ्या खोलीवर आली. पदराच्या गाठीतून नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या. "बाबूनं धाडलेत. टाक तुज्या फोनातनं. त्याचंच नाव घाल, पुरं नाव."

"काकी, बाबूचा फोन आला?"

"आला." ती माझ्या स्टोव्हकडे बघत होती.

मी नाव घातलं, पुरं नाव. पट्टी भरली. पुढच्या रविवारी वाडीवर गेले तर काकीच्या पडवीतला खुंटा रिकामा. तिची काळी शेळी, जिला ती स्वतःच्या ताटातली भाकरी द्यायची, ती नव्हती. मी विचारलं नाही. घरामागे जाऊन रडले मात्र, खोटं कशाला बोलू.

गिरणी सुरू झाली त्या दिवशी नारळ फोडून गाऱ्हाणं घातलं आणि वर्गणीदारांची नावं देवापुढे मी मोठ्याने वाचली. यादीत बरेच जण 'निनावी' होते. मी म्हटलं, ते सगळे एकदमच सांगते. काकी भडकली. "येकेकाला येगळी हाक मार. नाव नाय म्हनून काय मानूस नाय?" तेव्हा मी निनावी, निनावी करत प्रत्येकाला हाक मारली. बाबूचं नाव आलं. शेळी गेलेली सगळ्यांनीच पाहिली होती. मग एकजण म्हणाली, "बाबूनं घराचं नाव राखलं गो, दुरपे." काकीने पदर डोळ्यांना लावला आणि गिरणीच्या भिंतीवरच्या वर्गणीदारांच्या फळ्यावर त्याचंच नाव सगळ्यांत वर लिहायला लावलं.

पुढच्या थंडीत काकी गेली. आजारपणात तिने जुडगा माझ्या हातात दिला. "तू बी एकटीच हायस. घरं बघ. तुलाच बरं वाटंल." तिच्या घराची किल्ली त्यात नव्हती. ती बाबूची, असं तिने बजावून सांगितलं.

अग्नी पुतण्याने दिला. बाबू दहाव्याला आला. बायका त्याला म्हणाल्या, तुझ्या पैशांनी गिरणी उभी राहिली रे बाबा. तो फळ्यासमोर बराच वेळ उभा होता. मग माझ्याकडे आला. "बाई, काहीतरी मिस्टेक झालीये. हे पैसे मी पाठवलेच नव्हते."

"माहीत आहे मला. तुझ्या आईने शेळी विकली."

तो ओटीच्या पायरीवर खाली बसला. "मला सांगायचं तरी, बाई."

"फोन उचलला असतास तर सांगितलं असतं," मी म्हणाले. माझी जीभ तिखट आहे, ती तेव्हाही गोड झाली नाही.

"नाव पुसून टाका ते."

"तिने लिहायला लावलंय. पुसायचं तर तिला विचार."

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप घालून तो किल्ली घेऊन आला. डोळे सुजलेले होते. म्हणाला, "बाई, एवढी ठेवा तुमच्याकडे. अधूनमधून उघडत जा. बंद घराला वास येतो."

हे आपण कुणाचे शब्द बोलतोय, ते त्याला कळलं की नाही, मला ठाऊक नाही. माझा हात पुढे झाला होता, तो मी मागे घेतला. "ही मी घेणार नाही. उघडायला तू ये." तो किल्ली खिशात घालून उतरणीला लागला.

मी अजून दर रविवारी जाते. गिरणी चालू असते, बायका पिठाने पांढऱ्या झालेल्या असतात. मी दोन-तीन घरं उघडते, केर काढते. परतताना काकीच्या दारापाशी थांबते. त्या कुलपाला आता गंज चढू लागलाय. आत जाता येत नाही, म्हणून बाहेरूनच विचारते, "काय गो दुरपाकाकी, बरी हायस ना?" मग शेवटची गाडी चुकू नये म्हणून खाली उतरते.