बोडीतला सहाचा आकडा

त्या सकाळी आभाळ गच्च होतं. भावाच्या बोडीत बोटभर लांबीची रोहू-कटल्याची पिल्लं पाण्यावर येऊन हवेसाठी तोंडं उघडझाप करत होती. ट्रक चालवणं सोडून त्यानं कामठ्याजवळच्या आमच्या धानाच्या बांधीत हे लहानसं तळं खोदलं होतं. पिल्लं वाढवून गावतलावात सोडायला द्यायची होती आणि ही पहिलीच खेप होती. ती गेली तर त्याला पुन्हा ट्रकवरच बसावं लागणार होतं.

पाण्यातला प्राणवायू कमी झाला की पाणी घुसळणारी मोटर आपोआप सुरू करणारी पेटी मीच बनवली होती. यंत्रांच्या पोटात बसणारे प्रोग्राम लिहिणं हाच माझा धंदा.

"माशे वर येऊन राह्यले," भाऊ म्हणाला. "मोटर काऊन नाई सुरू होऊन राह्यली?"

"पेटी सहा दाखवून राह्यली ना भाऊ. सहा म्हणजे भरपूर."

"हातानं चालू करू का मंग?"

"थांब जरा, पाहू दे."

तो थांबला. शिकलेल्या बहिणीवर त्याचा फार भरवसा, तोच नडला. मी लॅपटॉप उघडून मोटरचा कोड चाळत बसले आणि तेवढ्यात लाइन गेली; आता मोटर हातानंही सुरू होणार नव्हती. पेटी बॅटरीवर होती, तिचा सहा हलेना. मला शंका आली म्हणून पाण्यातला प्राणवायू मोजणारा सेन्सर ओढून बाहेर काढला. तार उंदरानं कुरतडून तोडलेली. पेटीच्या पडद्यावर तरीही सहाच.

मी सेन्सरचा कोड उघडला. सेन्सर वाचणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, दर वेळी एक उत्तर परत देतं: शून्य म्हणजे वाचलं, दुसरं काहीही आलं तर जमलं नाही. मोजलेला आकडा ते वेगळ्या जागी ठेवतं आणि जमलं नाही तर त्या जागेला हातही लावत नाही. तिथे जुना सहा तसाच पडून होता. तार तुटल्यापासून फंक्शन नाही-नाही म्हणत होतं आणि माझा कोड ते उत्तर घेतच नव्हता. ऑफिसात याच गोष्टीवरून मी पोरांना फाडून खाते. घरचंच काम आहे म्हणून इथे तपासणी गाळली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, पण त्यानं पाण्यात हवा थोडीच जाणार होती?

"आकडा खोटा आहे भाऊ. पाण्यात उतर."

तो कपड्यांनिशी छातीभर पाण्यात उतरला आणि घमेल्यानं पाणी उपसून उंचावरून आपटू लागला. बादली घेऊन मीही उतरले. पांढरी पोटं वर करून काही पिल्लं आमच्या अंगाला लागत होती. मला रडू येत होतं आणि रडायला दम उरला नव्हता.

बऱ्याच वेळानं त्याचं घमेलं जेमतेम पाण्याबाहेर येऊ लागलं.

"आता आकडा किती झाला?" त्यानं धापा टाकत विचारलं. "थांबू का?"

तार तुटल्यावर माझ्याकडे खरा आकडाच नव्हता. पिल्लं जगत होती की मरत होती तेही कळत नव्हतं.

"नको थांबू," मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि घमेलं पुन्हा पाण्यात घातलं.