पिंपळाखालचा माझा पाटा

आपल्या मराठी मंडळाच्या ई-मेलवाल्या लेकरांनो, मी सांगतेय आणि सून टाइप करतेय. चुका तिच्या.

घरी मिक्सर आला तेव्हा मी माझा वाटायचा पाटा इथं कानडी मुलखात, बनशंकरीतल्या आमच्या गल्लीतल्या पिंपळाखाली नेऊन ठेवला. पुण्याहून नव्यानं आलेल्या एक बाई विचारत होत्या, हा दगड कसला? मी आपली गंमत केली. म्हटलं, मराठ्यांच्या फौजेनं इथं पूजा केली होती. बाई हात जोडून गेल्या आणि मी घरात येऊन पोट धरून हसले. बघता बघता गोष्ट गल्लीभर झाली आणि तिथं रोज पूजा सुरू झाली.

आता आम्ही घर बदलतोय आणि मला पाटा सोबत हवाय. लग्नानंतर ह्यांनी तो गावाहून रेल्वेनं, मांडीवर ठेवून आणला होता.

आज सकाळी मंडळातले इतिहासाचे मास्तर फौजेच्या गोष्टीचं खरंखोटं तपासायला वही घेऊन पिंपळाखाली आले. मी सगळं कबूल केलं. "मास्तर, ह्या टाकीच्या खुणा बघा. वडारणीनं माझ्यासमोर घातल्यात."

मास्तर हसले. "अक्का, खुणा फार जुन्या आहेत. आणि तुमची थट्टा काय आम्हाला नवीन आहे?"

मी पाटा उचलायला वाकले, तर पूजेला आलेल्या त्या पुण्याच्या बाईंनीच हात धरला. "काकू, तुम्ही नका शिवू. इथं सवाष्णीच हळदकुंकू वाहतात."

ज्या पाट्यावर मी जन्मभर हळद वाटली, त्याला हळद लावायला मी चालत नाही. पाटा तिथंच ठेवून घरी आले.

तुमच्यापैकी कुणी त्या पाट्यावरची माझ्या हातची चटणी खाल्ली असेल, तर मास्तरांना सांगाल का? माझं कुणी ऐकत नाही.