गाडी खाली, भाकर वर

वत्सलाबाई कुणाला नाही म्हणायला कधी शिकल्याच नाहीत, आणि गेल्या वर्षी त्याच स्वभावाने घात केला. पेठकडच्या त्यांच्या पाड्यावर भादव्यात नाशिकचे पाहुणे येतात. वरच्या सड्यावरचा, म्हणजे खडकाळ पठारावरचा, जांभळा तेरडा बघतात आणि बाईंच्या हातची नागलीची भाकर खातात. "मावशी, गाडी वर नेली तर चालेल का?" असं कुणीतरी विचारलं. बाईंनी पदर खोचून वाटेतले दगड स्वतः बाजूला केले, मग काय, एकामागून एक गाड्या चढल्या. यंदा सगळा सडा फुलला, पण चाकं फिरली तिथे नुसता खडक. मुळात बोटभर माती, तीही गेली. बाईंना ते बघवेना.

दगड त्यांनी परत लावले. पण त्यांच्या सुनेने, तृप्तीने, सातपूरच्या एका कारखान्यातल्या वीस जणांना आधीच फोनवर सांगून टाकलं होतं, की गाडी थेट फुलांपाशी जाते.

"आई, आता नाय म्हटलं तर ते दुसरीकडं जातील," तृप्ती रडकुंडीला आली. तिचं तरी काय चुकलं? पाहुणे आले तर त्यांच्या जेवणाच्या पैशांवर भागणार आणि तिचा नवरा सोमा घरी राहणार. नाही आले तर दिवाळीनंतर तो दिंडोरीच्या द्राक्षबागेत मजुरीला जाणार, तो थेट होळीला परत. गेल्या होळीला पोरीने बापाला ओळखलंच नाही. त्याने उचललं की भोकाड पसरायची.

बाईंनी वाद घातला नाही. रविवारी पाहुण्यांच्या गाड्या खळ्यावर थांबल्या. वाटेतले दगड बघून त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांचा चेहरा पडला.

"मावशी, फोनवर तर गाडी वर जाते असं सांगितलं होतं ना?"

"जेवान वर हाय," बाई म्हणाल्या, आणि भाकरींची टोपली डोक्यावर घेऊन निघाल्यासुद्धा. मागे तृप्ती, उडदाच्या घट्ट आमटीचं, भुज्याचं पातेलं घेऊन. भातलावणीत बाया बांधावरून चालतात तशा दोघी चालल्या, पावलावर पाऊल टाकत. भुज्याचा वास सुटलेला, प्रवासाने भूक खवळलेली. कुरकुरत का होईना, वीसही जण मागे लागले.

"एकामागं एक या, कडंला पाय नको," बाई वळूनही न बघता सांगत होत्या. कारखान्यातली माणसं ती, रांग त्यांना काही नवी नव्हती.

वर चाकांच्या दोन उघड्या पट्ट्यांपाशी साहेब थबकले. "इथं का नाही फुललं?"

"गेल्या साली मीच गाड्या चढू दिल्या." बाई उघड्या खडकाकडे बघत म्हणाल्या. लाज वाटत होती त्यांना, अगदी मनापासून.

साहेब पट्ट्यांना वळसा घालून पुढे गेले. खडकावर पंगत बसली, भाकरी पुन्हा पुन्हा मागून झाल्या. उतरताना ते म्हणाले, "पुढच्या रविवारी घरच्यांना आणतो. गाडी खालीच ठेवायची, मी सांगतो त्यांना."

तो रविवार भरला, त्याच्या पुढचेही भरले. पट्ट्यांवर तेरडा कधी येईल ते देव जाणे. बाईंनी उताराला वाहून गेलेली माती ओंजळीने आणून टाकायला सुरुवात मात्र केली आहे.

दसऱ्याच्या सुमारास दिंडोरीहून मुकादमाचा फोन आला. सोमा ओट्यावर बसला होता. "अवंदा नाय जमत. दुसरा गडी बघा," तो म्हणाला. पोरगी त्याच्या मांडीवर बसून त्याचा कान ओढत होती, आणि रडत नव्हती.