खळ घातलेली चादर

आमच्या यांनी घोडी घेतली ती हौसेपोटी. टायरच्या दुकानात बसून कंटाळा येतो म्हणे. बरं, हौस म्हणजे घोड्यावर बसायची नव्हे, बसलेलं लोकांनी बघावं याची. म्हणून दर रविवारी खोगीर-लगामाची सफाई रस्त्याकडच्या ओट्यावर चाले. माझ्या स्वयंपाकघरातली चिंच नेऊन हे पितळेच्या कड्या घासत बसायचे. कुणी गाडी थांबवून विचारलं की त्यांचा चेहरा अगदी फुलायचा. खोगिराच्या पोटाकडची, घामानं काळी पडलेली बाजू मात्र कुणाला दिसत नाही. ती घासायला मी होते, मागच्या मोरीपाशी.

खोगिराखाली घडी घालून टाकायला यांनी कोरी सोलापुरी चादर काढली होती. ती एकदाच धुवायला मिळाली मला. नंतर ती यांच्या पांढऱ्या शर्टांबरोबर लाँड्रीत जाऊ लागली. खळ घालून, इस्त्री होऊन, पापडासारखी ताठ परत यायची. पुढाऱ्यासारखा कडक शर्ट घालणाऱ्या माणसाला घोडीही कडक हवी, यात नवल ते काय!

पुढे घोडी खोगीर बघितलं की लाथा झाडायला लागली. एका लग्नात तिनं यांना मांडवापुढं पाडलं. अंगाला काही झालं नाही, पण पाडलं ते चारचौघांत. दुसऱ्या दिवसापासून हे गल्लीभर सांगत सुटले, "घोडी लई खोडील हाय. विकूनच टाकतो."

मला ते पटेना. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला तशी ती थरथरली. मणक्याच्या दोन्ही बाजूंना कातडी सोलली होती. चादरीची घडी तिथंच बसायची. खळ घामानं भिजायची, वाळायची आणि घडीची कड सुरीसारखी होत जायची.

मी यांना पाठ दाखवली. "अहो, खोडील न्हाय ती. तुमच्या खळीनं पाठ लागलीय तिची."

बघितलं त्यांनी. कळलंही असणार, कारण चादरीची कड अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाले, "सगळ्यांना सांगून बसलोय, घोडी खोडील हाय म्हणून. आता काय सांगू? खळ जास्त झाली?"

व्हय, तेच सांगायचं की! पण यांची जीभ तिथं कुठली वळायला!

मग मीच कामाला लागले. चादर गरम पाण्यात भिजवून, आपटून, पाणी निवळेपर्यंत धुतली. जखमांना हळद-तेल लावलं. पाठ पुरती भरेपर्यंत खोगीर चढवू दिलं नाही. मला वाटत होतं, घोडी निवली की यांचा हट्टही निवेल. ती घरात राहावी, एवढंच मला हवं होतं.

पाठ भरली. त्याच आठवड्यात मंगळवेढ्याकडचा एक जण घोडी बघायला आला. यांनी त्याच्यासमोर मऊ चादर टाकली, खोगीर कसलं, वर बसले. घोडीनं कानसुद्धा हलवला नाही.

"बघा, किती गरीब हाय," हे छाती काढून म्हणाले. "आधी लई खोडील होती. मीच वळण लावलं."

एवढी शांत घोडी बघून त्या माणसानं दुसरं काही विचारलंच नाही. संध्याकाळी टेम्पो घेऊन आला. लाथ मारत राहिली असती तर त्यानं तिला हात लावला नसता. मीच तिला विकण्याजोगी करून ठेवली होती.