ब्रेकसरांचं रेसिंगचं घड्याळ

ज्या माणसाने आयुष्यभर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिली नाही, त्याने मनगटावर घातलं ते रेसिंगचं घड्याळ. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये यावरून ब्रेकसरांची इतकी थट्टा झाली की शेवटी थट्टा करणारेच दमले.

ब्रेकसर हे अर्थात शिकणाऱ्यांनी ठेवलेलं नाव. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो, आणि वेळेवर तो दाबणं हाच सरांचा धंदा. शिकणारा घाबरून भलत्याच पेडलवर उभा राहतो, आणि सर खिडकीबाहेर बघत, जांभई अर्धवट ठेवून, उजव्या पायाने गाडी जागच्या जागी थोपवतात. त्या पायाला सवयच इतकी जडली होती की टीव्हीवर एखादी गाडी वळणावर आली तरी घरातल्या फरशीवर दाब पडायचा.

"दाबा, दाबा," बायको म्हणायची. "एक दिवस खालच्यांच्या ताटात उतराल."

घड्याळ होतं जुन्या धाटणीचं, डिजिटल. पोलादी, ठोकळ्यासारखं, कडेने लाल रेघ, बाजूला दोन जाडजूड बटणं. तरुणपणी सरांनी कपाटाच्या दाराला आतून एका रेसरचं चित्र चिकटवलं होतं. हेल्मेट काखेत, केस विस्कटलेले आणि मनगटावर हेच. रेसर व्हायचं राहून गेलं, चित्र पिवळं पडून गळालं, कपाटही विकलं. आणि इतक्या वर्षांनी कंपनीने तेच घड्याळ पुन्हा काढलं. सरांनी कुणाला न विचारता घेतलं. बायकोने किंमत विचारली तेव्हा "सेल होता" म्हणाले. हे काही उत्तर नव्हे, पण तीही पुढे बोलली नाही. बोलली ती एवढंच, "आता चहा आणायला तरी जरा जोरात जात जा."

या घड्याळाची गंमत अशी की आकडे वर नसून कडेला, तिरपे बसवलेले. ड्रायव्हरला स्टिअरिंगवरचा हात न हलवता वेळ दिसावी म्हणून. पण सरांच्या हातात स्टिअरिंग असतं कुठे? ते बसणार शेजारी. मग वेळ बघायची तर हवेतच स्टिअरिंग धरल्यासारखी मूठ पुढे करायची. एका शिकाऊ पोराला ती वळायची खूण वाटली आणि त्याने गाडी थेट पेट्रोल पंपात घातली. तेव्हाही ब्रेक सरांनीच दाबला.

म्हणजे तेव्हा लागला.

त्या दिवसांत सरांकडे औषधांच्या दुकानातली बाई शिकायला येत होती. नवऱ्याची नजर अधू झालेली, गाडी दारात धूळ खात पडलेली, म्हणून बाईने पन्नाशीत स्टिअरिंग हातात घेतलं. सर तिच्याच दुकानातून मधुमेहाच्या गोळ्या नेत. त्यामुळे गाडीत दोन शिकवण्या एकदम चालायच्या.

"बाई, क्लच हळू सोडा."

"सोडते. तुम्ही गोळ्या का सोडल्यात ते सांगा. दोन महिने दुकानात फिरकला नाहीत."

"मला काही होत नाही हो. आरसा बघा."

"आरसा तुम्हीच बघा. तोंड सुकलंय नुसतं."

अशा गप्पांत एका सकाळी गाडी शाळेजवळच्या उतारावर आली आणि गल्लीतून सिलिंडरची हातगाडी आडवी आली. सरांनी ब्रेक दाबला. गाडी हातगाडीच्या अलीकडे थांबली. हातगाडीवाला काहीबाही बोलून निघून गेला. बाईच्या कपाळावर घाम.

"सर, वाचवलंत! तुम्ही होतात म्हणून."

सर हसले आणि सहज खाली बघितलं. त्यांचा पाय पेडलवर नव्हता. पेडलच्या शेजारी, रबरी मॅटवर होता, चांगला जोर लावून दाबलेला. चप्पल केव्हाच निसटून मागे राहिली होती आणि तेही त्यांना कळलं नव्हतं. ब्रेक बाईने दाबला होता.

हे कुणालाच कळलं नाही. त्रास तोच होता. कुणी ओरडलं असतं तर बरं, पण इथे उलट स्कूलभर कौतुक. मालक म्हणाला, "सर म्हणजे आपला विमा." सरांनी मूठ पुढे करून उगाच वेळ बघितली.

दुसऱ्या दिवसापासून ते स्कूल उघडायच्या आधी येऊ लागले. गाडीची पाठ मागच्या भिंतीकडे करायची, आपल्या सीटवर बसायचं आणि शेजारच्या आरशात भिंत बघायची. ब्रेक लागला की मागचा दिवा पेटतो, भिंत लाल होते. घड्याळाचं बटण दाबायचं, त्याच क्षणी पाय टाकायचा आणि भिंत लाल झाली की बटण पुन्हा दाबायचं. रेसर लोक ज्या बटणाने फेऱ्या मोजतात, त्या बटणाने सर आपला पाय मोजत होते. डावा पाय टाकला की आकडा लहान यायचा. उजवा टाकला की मोठा. चप्पल काढून बघितलं, बूट घालून बघितलं, घड्याळाला शिव्या घालून बघितल्या.

आणि एकदा भिंत लाल झालीच नाही. सर दाबून बसले होते, दात आवळून. मनगटावर आकडे पळत होते आणि आरशातली भिंत अंधारात तशीच.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. बायकोच म्हणाली, "हल्ली गाड्या वळतात, तुम्ही फरशी दाबत नाही."

"दाबतो की."

"नाही दाबत." तिने टीव्ही बंद केला. "काय झालंय?"

"काही नाही," सर म्हणाले आणि घड्याळ काढून पुसत बसले. डाव्या पायाने ब्रेक मारायचा असंही ठरवून झालं होतं. तीस वर्षांची खोड पण. गाडी हलली की उजवाच पुढे यायचा.

बाईची परीक्षा जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "सर, परीक्षा झाल्यावरही थोडे दिवस बसाल का शेजारी? माझ्या गाडीत. ह्यांना मागे बसवून न्यायचंय, हायवेवरून. तुम्ही असलात की मला धास्ती नाही."

बाईच्या गाडीत शेजारी ब्रेकच नव्हता, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. सरांच्या आलं. म्हणजे ती भरवसा ठेवत होती तो नुसत्या त्यांच्या बसण्यावर.

"बाई, गाडी बाजूला घ्या."

तिने घेतली. इंडिकेटर न चुकता.

"त्या दिवशी उतारावर ब्रेक तुम्ही मारला. माझा पाय मॅटवर होता. मला कळतच नाही हल्ली, पाय कुठे आहे ते."

सरांना वाटलं होतं, तिला धीर येईल. बाईने मान वळवून त्यांच्या पायांकडे बघितलं.

"आणि त्यानंतर रोज माझ्या शेजारी बसत होतात? हे माहीत असून?"

"हो."

"मग शेजारी कोण होतं हो माझ्या? त्या पोरांच्या शेजारी कोण असतं?"

गोळ्यांवरून रागावणारी ती बाई आणि आत्ताची ही बाई वेगळी होती.

"परत चला," सर म्हणाले. "किल्ली मालकाला देतो. आज सगळ्या पोरांच्या वेळा रद्द."

"तुम्ही चालवता?" तिने टोचून विचारलं आणि मग त्यांचं तोंड बघून पुढे वळली. तिने आरसा बघितला, क्लच हळू सोडला. सरांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले, हात मांडीवर. घड्याळाचे तिरपे आकडे त्यांच्याकडे न बघता भलतीकडेच तोंड करून चमकत होते.

चौकात रिक्षा आडवी आली. बाईने ब्रेक मारला. बेताचा, नीट. डोकंसुद्धा हललं नाही.

आपला पाय पुढे गेला का, हे सरांना कळेना. त्यांना वाकून बघावं लागलं.