थांबलेलीचा नंबर

अन्याय झाला तो भाग्यश्रीवर. सीमाभागात, राजेश्वरजवळच्या आमच्याच गावची पोरगी, दहावीतली. कधी झाला तेही सांगते. विभागीय मेळाव्यात, मुलींच्या पंधराशे मीटरच्या दुसऱ्या हीटमध्ये, शेवटच्या फेरीची घंटा वाजल्यावर पहिल्याच वळणावर. इतकं नेमकं सांगता येतं, कारण त्या वळणावर मीच उभी होते, हातात पिवळा झेंडा घेऊन.

मी नौबादच्या एका शाळेत पीटी टीचर आहे आणि मेळाव्यांत ट्रॅक अंपायरचं काम करते. क्रिकेटमधला अंपायर बोट वर करून बाद करतो, तसलं काही आमच्या हातात नसतं. आम्ही वळणावर उभं राहायचं, धक्काबुक्की दिसली की झेंडा वर करायचा आणि काय दिसलं ते रेफरीला सांगायचं. निकाल रेफरीचा. आणि हीट म्हणजे पात्रता फेरी. प्रत्येक हीटमधल्या पहिल्या चौघी फायनलला जातात, बाकीच्या बॅग भरतात.

घंटेला भाग्यश्री तिसरी होती, आणि दम राखून होती. तिला ही फायनल हवीच होती. स्पोर्ट्स हॉस्टेलची निवड फायनलमध्ये पळालेल्या मुलींमधूनच होणार होती आणि हे तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. पप्पांचं सायकल रिपेरीचं दुकान. ते आधीच बोलून बसले होते, "हॉस्टेल लागलं तर पळ बाई. न्हाई तर शिवणक्लास."

कलबुर्गीचं मैदान, मातीचा ट्रॅक, चुन्याच्या रेषा. वळणावर चार-पाच जणी एकदम आत घुसल्या. दुसऱ्या नंबरावर पळत होती चिंचोळीकडची निर्मला. तिला कोणाचं तरी कोपर लागलं आणि ती तोंडावर आपटली. मी झेंडा वर केला. इथवर नेहमीचंच. पुढचं मात्र मी कुठल्याच मेळाव्यात पाहिलं नव्हतं. मागून येणारी भाग्यश्री थांबली. निर्मलाला हात देऊन उभं केलं आणि तरी पळेना. तिच्यासमोर उभीच.

"व्हय म्हण," ती म्हणाली.

निर्मला कन्नड बोलणारी. तिला काही उमगेना. गुडघ्यातून रक्त यायलेलं.

"अगं, व्हय म्हण की! तू म्हणल्याबिगर कशी पळू मी?"

"व्हय," निर्मला रडत रडत म्हणाली.

मग दोघी पळाल्या. तोवर बाकीच्या पार पलीकडच्या सरळ पट्ट्यावर पोचल्या होत्या. दोघींनी रेस पुरी केली, शेवटून पहिली आणि दुसरी. स्टँडमधली माणसं हसत होती. मला हसू आलं नाही. ते 'व्हय' माझ्या ओळखीचं होतं.

आमच्या गावच्या जत्रेत पळण्याची शर्यत असायची. ओढ्यापासून बसवण्णाच्या कट्ट्यापर्यंत. पोरं वेगळी, पोरी वेगळ्या. शिवाप्पा काका कट्ट्यावर उभे राहून हलगी वाजवायचे. हलगी चालू तोवर पळायचं. कोणी पडलं की काका हलगी थांबवायचे आणि जी जिथं असेल तिथंच उभी राहायची. पुढची पुढे, मागची मागे, जागच्या जागी, धापा टाकत. पडलेलीनं उठायचं, परकर झटकायचा, आणि मोठ्यानं ओरडायचं, "व्हय!" की हलगी सुरू. एका वर्षी मी पडले होते. डोळ्यांत माती, नाकात माती, आणि सगळीकडे एकदम शांत. मान वर करून पाहिलं तर पुढच्या सगळ्या वळून माझ्याकडे बघत उभ्या. कोणाच्या तोंडावर चिडचिड नाही. एक तर ओरडली, "लवकर ऊठ गं म्हशी, ऊन लागायलंय!" तशी शांतता मला पुन्हा कुठल्याच मैदानावर ऐकायला मिळाली नाही.

आजी-आजोबांची पिढी म्हणायची, पडलेल्याच्या पाठीवर पाय देऊन नंबर येत नसतो. आता जत्रेत पळणंच राहिलं नाही. डीजे असतो, आणि डीजे कोणी पडलं म्हणून थांबत नाही. शेवटची शर्यत झाली तेव्हा लहान गटात भाग्यश्री पहिली आली होती.

तर कलबुर्गी. रेफरी होते संगण्णा सर. रिटायर्ड पीटी मास्तर, नियम तोंडपाठ. आधी एक कोच धावत आला. "सर, हात दिला म्हणजे मदत झाली. दोघीबी डिस्क्वालिफाय करा!"

"उठवलं अण्णा, ढकलत न्हेलं न्हाई," सर म्हणाले. "उभं करायला हात दिलेला चालतो. जावा, पाणी पिवा." मग माझ्याकडे वळले. "काय बघितलं टीचर?"

"कोपर लागलं सर. मुद्दाम न्हाई, गर्दीत. पण निर्मलाची काही चूक न्हाई."

नियम असा आहे. धावणारीला दुसऱ्याच्या धक्क्यानं अडथळा आला, आणि तरीही तिनं प्रामाणिकपणे रेस पुरी केली, तर रेफरी तिला पुढच्या फेरीत घेऊ शकतो. कोणाला काढावं लागत नाही. पंधराशेला लेन नसतात, सगळ्या एकाच वाकड्या रेषेवर उभ्या राहतात. तिथं एक जण जास्त सहज मावते. सरांनी निर्मलाला फायनलमध्ये घेतलं. योग्य केलं.

"एक मावते तर दोन मावतील," मी म्हणाले.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमच्या गावची व्हय ती?"

"व्हय. पण झेंडा चिंचोळीच्या पोरीसाठी वर केला मी."

"तुमी पोरींच्या हक्काची पत्रकं वाटत फिरता, ठाऊक हाय मला. इथं पत्रक नको. नियम सांगा."

"नियमच सांगायलेय. पडलेली पोरगी वाटेत आली की अडथळा झालाच की."

"बोलवा तिला."

भाग्यश्री आली. पाय मातीनं भरलेले, वेणी सुटलेली.

"निर्मला तुझ्या वाटेत पडली का?"

"जरा बाजूला पडली सर."

"चुकवून जायला जागा होती?"

मी मनात म्हणत होते, न्हाई म्हण, बाई, न्हाई म्हण.

"व्हय सर. बाहेरून मोकळंच होतं."

"मग थांबलीस कामून?"

तिनं सरांकडे असं पाहिलं, जणू एवढ्या मोठ्या माणसाला हे विचारावं कसं लागतं. "ती पडली होती की, सर."

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग हळूच म्हणाले, "आमच्या गावातबी हलगी थांबायची."

"मग घ्या की सर तिला."

"कसं घेऊ? तिला कोणी अडवलं न्हाई. ती आपली आपण थांबली. पुस्तकात हलगी न्हाई, टीचर."

सरांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांनी पुस्तकाप्रमाणे केलं. पुढे निघून गेलेल्या पोरींनाही दोष नाही, त्यांना पळायलाच शिकवलंय. माझा राग त्या पुस्तकावर आहे. त्याला पडलेली दिसते, ढकलणारी दिसते, थांबलेली दिसत नाही. ती एक खोटं बोलली असती तर फायनलला होती. खऱ्या बोलण्यावर पोरगी बाद होत असेल, तर तो नियम अर्धाच लिहिलेला आहे.

फायनलला निर्मला गुडघ्याला पट्टी बांधून आली. स्टार्टकडे जाताना दोरीपाशी थांबली. तिथं भाग्यश्री बसली होती.

"अक्का, व्हय?" तिनं विचारलं. मराठीतला तेवढा एकच शब्द तिला येत होता.

"व्हय," भाग्यश्री म्हणाली. "पळ."

निर्मला सहावी आली. हॉस्टेलच्या निवडीत तिचं नाव लागलं. भाग्यश्रीचा शिवणक्लास लागला. मी गावी गेले की सकाळी ती अजून माझ्यासोबत पळते, पण स्टॉपवॉच लावू देत नाही. "आता कशाला, मॅडम," म्हणते.

यातून धडा काय? पुढच्या वेळी खोटं बोला, असं मी माझ्या पोरींना सांगणार नाही. थांबू नका, असंही सांगणार नाही. म्हणजे बदलायचं ते नियमालाच.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या शाळेच्या, तालुक्याच्या मैदानावर रेस लागेल तेव्हा स्टँडमध्ये बसून हसू नका. पहिली हीट सुटायच्या आधी खाली उतरा आणि रेफरीला दोन प्रश्न विचारा. पडलेलीचं काय? तिच्यासाठी थांबलेलीचं काय? दोघींना फायनलच्या रेषेवर जागा देणार का, ते माइकवरून सगळ्यांसमोर सांगायला लावा. आणि ते मोठ्यानं "व्हय" म्हणेपर्यंत स्टार्टरला बंदूक उचलू देऊ नका.